तांदळाच्या डब्यातला सूर्य

अंजनगाव सुर्जीच्या स्टँडवरून मी अमरावतीच्या गाडीत बसले, तेव्हा माझ्या मांडीवर चार देव होते. स्टीलच्या डब्यात तांदूळ, तांदळात देव आणि डब्यावर लाल फडक्याची गाठ. घरातले देव प्रवासाला निघाले की त्यांना असंच न्यायचं, डबा जमिनीला टेकवायचा नाही आणि देव परक्याच्या हातात द्यायचे नाहीत, असं सासूबाईंनी मला शिकवून ठेवलं होतं. परक्यांशी मी बोलतच नाही, म्हणून दुसरा नियम सोपा होता. पहिल्याची काळजी होती, कारण दर्यापूरचा रस्ता असा आहे की त्यावर माणूससुद्धा सीटवर टिकत नाही.

कंडक्टरनं डब्याकडे पाहिलं. "बाई, खाली ठेवा ना डबा. पाय मोकळे होतीन."

मी मान हलवली.

"काय हाय त्यात, लाडू?"

"देव."

तो जरा मागे सरकून उभा राहिला. "मंग राहू द्या. देवाले तिकीट नाई लागत. तुमचं अर्धं द्या."

देव निघाले होते लग्नासाठी. माझे भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) नोकरीमुळे अकोल्यात राहतात. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. आमच्याकडे लग्नाआधी देव उजळून आणतात. उजळून म्हणजे घासून नाही. देव्हाऱ्यातले जुने टाक (देवाच्या उठावाच्या चांदीच्या चकत्या) झिजले असतील तर सोनाराकडे नेतात, तो ते वितळवतो आणि त्याच चांदीचे नवे टाक करून देतो. देवाची चांदी देवातच राहते आणि नव्या सुनेला देवाचं तोंड नीट दिसतं. आमचा पिढीजात सोनार अमरावतीचा. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला होता, की देव उजळून संध्याकाळपर्यंत अकोल्याला पोचवा.

नवरा पानपिंपरीच्या (औषधाला जाणाऱ्या लांब मिरीच्या) तोडणीत अडकला होता. तो म्हणाला, "तू जाय. बोलाचं काई कामच नाई. डबा द्याचा, डबा घ्याचा."

या भरवशावर मी निघाले.

गावाबाहेर पानमळे संपले आणि हरभरा सुरू झाला. दर्यापूरकडे जाताना जमीन काळी आणि सपाट होत जाते. हा खारपाणपट्टा, म्हणजे इथलं जमिनीतलं पाणीच खारट. दर्यापूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून चहा घेतला. त्याला थोडी वरणाची चव होती. शेजारची बाई म्हणाली, "पिऊन टाका, मीठ वेगळं द्या लागत नाई." मग तिनं डब्याकडे पाहून विचारलं, "कोणते देव व?"

मी सांगितलं, खंडोबा, भवानी, बहिरोबा.

"अन् चौथा?"

मी खिडकीबाहेर पाहू लागले. चौथा कोण ते मलाच ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात त्याला नुसतं उभा देव म्हणतात. इतर टाकांपेक्षा लहान, एका तांब्याच्या चकतीवर लाखेनं बसवलेला. पणजेसासऱ्यांना नांगरटीत सापडला, एवढंच माहीत. डोक्याभोवती काट्यांसारखे किरण, उजवा हात वर उचललेला, डाव्या हातात कोरडा (चाबूक), खांद्यावर एक कापड. बाकी अंगावर काही नाही. अगदी काही नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी देव धुताना मी डोळे मिटून धुतले होते. मग सासूबाईंनी युक्ती दाखवली. सगळ्या देवांना कपाळावर कुंकू लावायचं आणि याला कमरेखाली, चांगलं जाड. त्यांच्या सासूनंही त्यांना तेच दाखवलं होतं. रोज लावायचं आणि दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासून काढायचं. पण तो माझा आवडता देव. बाकीचे तिघं तलवारी, त्रिशूळ घेऊन आपल्या कामात असतात. हा हात वर करून उभा असतो, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यासारखा. दिवसभरात मी जे काही बोलते, त्यातलं बरंचसं त्याच्याशीच.

अमरावतीला उतरून सराफ्यात पोचले. सोनारभाऊ माझ्याच वयाचे, पोट गल्ल्याला टेकलेलं. त्यांनी तांदळातून एकेक देव काढून आधी पाया पडून घेतलं.

"खंडोबा. भवानी. बहिरोबा. यांचे ठसे हायेत माह्याकडे. पत्रा ठोकला की दुपारी तयार. अन् हा कोणता?"

"उभा देव."

"उभा त दिसूनच राह्यला ताई. नाव काय? ठसा कोणता घेऊ?"

बोलण्याचं काम निघालंच. मी नवऱ्याला फोन लावला आणि सोनारभाऊंच्या हातात दिला. नवरा म्हणाला, बाबा त्याला वीर म्हणत, पण आई बहिरोबा म्हणे.

"बहिरोबा एक आलाच हाय," सोनारभाऊ म्हणाले.

"मंग त्याचा भाऊ असन."

सोनारभाऊंनी जाऊबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज दुकानाबाहेरच्या रसवंतीपर्यंत गेला असेल. "काईबी टाका हो. दत्त टाका. तीन तोंडं हायेत, भरल्यासारखं दिसते."

"पाहतो," म्हणून सोनारभाऊंनी फोन ठेवला आणि उभा देव चिमट्यात धरून आचेवर शेकायला घेतला, लाख सुटावी म्हणून. लाखेचा वास सुटला, काळा थेंब ओघळला आणि तांब्याची चकती एकीकडे, देव एकीकडे झाला. त्यांनी तो फडक्यावर उलटा ठेवून पुसला आणि ते वाकून पाहू लागले. मीही वाकून पाहिलं.

देवाच्या पाठीमागे एक मुलगा होता. नुसतं डोकं, बाजूनं दिसणारं. गाल गुबगुबीत, डोक्यावर पानांची माळ. समोरचा देव आम्ही घासून घासून गुळगुळीत केला होता, पण हा लाखेखाली झाकलेला, त्यामुळे कालच घडवल्यासारखा कोरा. कडेनं अक्षरं होती. इतकी वर्षं मी याला आंघोळ घालत होते आणि मागे हा कोण तोंड लपवून बसला होता, याचा मला पत्ता नव्हता. मी पदर डोक्यावर घेतला.

"ताई," सोनारभाऊ हळूच म्हणाले, "तुमचा देव नाणं हाय."

कानातल्याची फिरकी घ्यायला एक कॉलेजची मुलगी आली होती. तिला त्यांनी अक्षरं वाचायला लावली. ती म्हणाली, इंग्रजीच अक्षरं आहेत पण इंग्रजी नाही, अँटोनि असं काहीतरी लागतं. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन परत आला, दत्त नको, गणपतीच टाका म्हणून. सोनारभाऊंनी घडलेलं सांगितलं.

"म्हणजे देव आपल्यातला नाई?" जाऊबाई म्हणाल्या. "मंग तं वितळवाच आधी. लग्नघर हाय, पाहुण्याइले काय सांगू?"

फोन बंद झाला. सोनारभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मूस (चांदी वितळवायची मातीची वाटी) भट्टीवर तापून लाल झाली होती. "माह्यं काय, तुम्ही म्हणान तं आत्ता टाकतो. पण एकदा टाकला का मंग मले परत काढता येत नाई."

मला नको म्हणायचं होतं. त्याऐवजी मी फडक्यावरच्या देवावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

सोनारभाऊंनी चिमटा खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले. "बाकीचे तीन घेतो कराले. तोवर तुम्ही राजापेठेत जाऊन या. आमचे एक सर हायेत, जुनी नाणी जमवतात. ते सांगतीन कोण हाय हा."

राजापेठेत रिक्षावाल्यानं मला बरोबर इमारतीसमोर सोडलं, पण त्या इमारतीत दोन जिने होते. खाली ट्यूशनच्या पाट्या, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, शेकडो दुचाक्या एकमेकींत गुंतलेल्या. मी एका जिन्यानं वर गेले, दार लोटलं आणि आत गेले. खोलीभर मुलं बसलेली होती. फळ्यापुढचा माणूस म्हणाला, "पालक ना? बसा मागे, होतंच आहे." मला नाही म्हणता आलं नाही. मी मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले. तास प्रकाशाचा होता. किरण सरळ रेषेत जातात, आरशावर आपटले की परततात. मला बरंच समजलं. शेजारच्या मुलानं कुजबुजत विचारलं, "काकू, तुमचं पोट्टं कोणतं?" मी समोरच्या एका शांत दिसणाऱ्या मुलाकडे बोट दाखवलं. सुटी झाली तशी त्या मुलाच्या अगोदर बाहेर पडले.

सर दुसऱ्या जिन्यानं वर राहत होते. निवृत्त प्राध्यापक, उंच, बनियनवर. सोनारभाऊंचा फोन आलेला असल्यामुळे ते दारातच उभे होते. मी देव पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, आधी हात धुऊन आले, मग मऊ कापड आणलं, भिंग आणलं आणि खिडकीपाशी बसून काही वेळ श्वास घेतला की नाही शंका यावी असे बसले.

"रोम," ते म्हणाले. "हे रोमचं चांदीचं नाणं आहे, बाई. अठराशे वर्षं तरी झाली असतील. त्या काळी तिकडची माणसं आपल्याकडून कापड, मिरी नेत आणि चांदी देत. हा मागचा मुलगा त्यांचा बादशहा. पोरवयातच गादीवर बसला. आणि हे तुमचे पुढचे, हे सूर्यदेव. डोक्याला किरण पाहा. उजवा हात वर, म्हणजे आशीर्वाद समजा. हातातला चाबूक रथाच्या घोड्यांसाठी."

मी किती तरी वेळ धीर गोळा केला आणि विचारलं, "घोडे कुठं आहेत?"

सरांनी भिंगातून माझ्याकडेच पाहिलं. "नाण्यावर जागा नव्हती," ते म्हणाले. "चार असतात. काही नाण्यांवर रथासकट काढतात. आपल्या सूर्याला सात, यांच्या सूर्याला चार."

म्हणजे सूर्यनारायण. रोज सकाळी अंगणात सूर्याला पाणी घालायचं आणि घरात येऊन त्यालाच चिंचेनं घासायचं, असं माझं चाललं होतं. मला हसू आलं, पण सर गंभीर होते म्हणून दाबलं.

त्यांनी त्या बादशहाचंही सांगितलं. तो स्वतः सूर्याचा पुजारी होता. त्याचा देव म्हणजे एक काळा दगड. त्या दगडाला रथात बसवून मिरवणूक काढत, तेव्हा हा पुढे लगाम धरून उलटा चालायचा, देवाकडे पाठ व्हायला नको म्हणून. हे ऐकल्यावर मला तो मुलगा घरातलाच वाटला. पुजाऱ्याच्या घरचा असेल तर देवामागं उभं राहायला हरकत नव्हती.

"तुम्ही हे साफ कशानं करता?" सरांनी विचारलं.

"चिंच. आणि कधी राख."

सरांनी डोकं धरलं. "राख," ते भिंतीला म्हणाले. मग पुन्हा भिंग लावून म्हणाले, "पण एक कळत नाही. सगळी आकृती थोडी झिजली आहे, आणि ही कमरेखालची एवढीच जागा पार सपाट झाली आहे. असं का झालं असेल? मुद्दाम खरवडलं असावं का? धार्मिक कारण?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले. सर वहीत काही लिहू लागले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं. गाड्यावरून गिला वडा (दह्यात बुडवलेला, वरून झणझणीत चटणीचा वडा) आणला होता. बायकांशी बोलायला मला कमी त्रास होतो. वडा तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात मी काकूंना कुंकवाचं सांगून टाकलं.

काकू ओट्याला धरून खाली बसल्या. हसताना त्यांचा आवाजच निघेना.

"काय झालं गं?" बाहेरून सर.

"काही नाही," काकू कशाबशा म्हणाल्या. "तिखट लागलं."

निघताना सर दारापर्यंत आले. "हे तुमचं आहे, तुम्ही काय करायचं ते ठरवा. पण वितळवलं तर मला कळवू नका. मी जेवणार नाही."

"ते आत्ताच तीन वडे खाऊन बसले आहेत," काकू म्हणाल्या. "मी कळवीन हो तुम्हाला त्यांची तब्येत."

सराफ्यात तीन नवे टाक तयार होते, भांड्यांच्या दुकानातल्यासारखे चकचकीत. खंडोबा इतका चमकत होता की घोडा दिसत नव्हता. सोनारभाऊंनी त्यांना गुलाबी कागदात गुंडाळून तांदळात ठेवलं. उभा देव त्यांच्या शेजारी मी तसाच ठेवला, सुटा. हीच चूक झाली.

अकोल्याची गाडी बडनेऱ्यापुढे मोठ्या रस्त्याला लागली आणि मला डुलकी लागली. मूर्तिजापूरच्या अलीकडे ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक मारला. डबा माझ्या मांडीवरून उडाला, गाठ सुटली आणि अर्ध्या गाडीत अक्षता पडल्या. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या टोपीतही तांदूळ होते. तो म्हणाला, "लग्न कोणाचं लागलं?"

गुलाबी पुड्या लगेच सापडल्या. उभा देव सापडेना. मी सीटखाली वाकून शोधू लागले आणि सगळे विचारत होते काय पडलं, काय पडलं. शेवटी मागून एका मुसलमान बाईनं, अकोल्याला बांगड्यांचा माल घेऊन चालली होती ती, आपल्या गाठोड्याखालून हात काढला.

"ये लो बहन, तुम्हारा सिक्का."

"देव आहे," मी म्हटलं.

तिनं तळहातावरच्या देवाकडे पाहिलं, त्यानं वर केलेला हात पाहिला, आणि ओढणीच्या टोकानं त्याची धूळ पुसली. "अच्छा. फिर तो गिरने का दर्द भी नहीं हुआ होगा. संभाल के रखो."

जमिनीला टेकवायचा नाही, परक्याच्या हातात द्यायचा नाही. दोन्ही एकदमच झालं. पण अठराशे वर्षांत तो रोमहून नांगराच्या फाळापर्यंत आला होता, तेव्हा एस.टी.च्या पत्र्यानं त्याचं काही बिघडलं नसावं, अशी मी समजूत घातली आणि त्याला पदराच्या टोकात बांधून टाकलं.

अकोल्यात पोचले तेव्हा जाऊबाईंकडे वाळलेल्या वड्या गोळा करणं चाललं होतं. डबा उघडून त्या खूश झाल्या. "पाह्य, कसे दिसून राह्यले. नाईतर ते झिजलेले भुतावाणी." मग मी पदर सोडला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा काहून तसाच? तुले सांगतलं होतं ना?"

मी पाणी प्यायले.

"सुनेच्या माहेरचे लोक देव्हाऱ्यापाशी बसतीन. अन् हा असा, बिनकपड्याचा, वरून कुठला परका. उद्या सकाळी आमच्या इथल्या सोनाराकडे पाठवते. हे जातीन घेऊन."

जेवायला पाटवडीचा रस्सा होता. चांगला झाला असावा. मला चव लागली नाही. उद्या सकाळी उभा देव नसणार होता, आणि थांबवू शकणारे एकच होते, भासरे. भासऱ्यांशी आमच्यात बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही, ना ते माझ्याशी. ते आले की मी पदर घेऊन आत जाते, त्यांना काही सांगायचं असेल तर ते बायकोला सांगतात आणि ती मला. बाहेरचे कुणी ऐकून हसतात, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट लाजऱ्या माणसाला त्यासारखी सोय नाही.

सकाळी भासरे देव्हाऱ्यासमोर पूजेला बसले. देव्हारा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार, दाराशी जाऊबाई, आत मी पोळ्या लाटत होते. मी हळू आवाजात म्हटलं, "बाई, भाऊजींना सांगा ना. तो सूर्यदेव आहे. त्या सरांनी सांगितलं, रोमचा आहे, फार जुना. वितळवू नका म्हणावं."

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "अहो, ती म्हनते, देव जुना हाय."

"जुना हाय म्हणूनच तं उजळाचा," भासरे म्हणाले आणि ताम्हनाकडे हात नेला.

एवढा सगळा सूर्य त्या निरोपात दोन शब्दांचा झाला होता. बाहेर मोटारसायकलची किल्ली काढून ठेवलेली मला दिसत होती. मी लाटणं खाली ठेवलं. भासऱ्यांशी बोलायचं नव्हतं, ते माझ्यानं झालंही नसतं. पण देवाशी बोलायला मला कधीच अडचण आली नाही.

"देवा," मी दाराआडून मोठ्यानं म्हटलं, "तुमाले आज मुशीत टाकतात. मले काई म्हनाचं नाई. पण तुमी कोण हा, ते घरात कोणालेच ठावं नव्हतं. ते कालच समजलं, म्हणून सांगून ठेवते. तुमी सूर्यनारायण हा. रोम म्हणून दूरचा मुलुख हाय, तिथले."

घंटा वाजायची थांबली. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भासऱ्यांकडे.

मग भासरे खाकरले. "देवा," ते म्हणाले, "हातात कोरडा कायचा?"

"देवा, सांगा त्याइले, तो रथाच्या घोड्याइसाठी."

"मंग देवा, घोडे कुठी हायेत?"

"नाण्यावर जागा नव्हती, देवा."

"हं," भासरे म्हणाले. "अन् देवा, मागं तोंड कोणाचं हाय?"

मी बादशहाचं सांगितलं, काळ्या दगडाचं, उलटं चालण्याचं. इतकं लांब मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. पोळी तव्यावर जळत होती.

जाऊबाई उलथणं घेऊन मध्येच उभ्या होत्या. "मी इथं मरून उभी हावो," त्या म्हणाल्या. "मले सांगा ना. देवाले काहून ताप?"

"तुले सांगतलं तं दोनच शब्द पोचले," भासरे म्हणाले. मग पुन्हा देव्हाऱ्याकडे, "देवा, पण तुमचं हे कपड्याचं काय करावं? पाहुणे येतीन."

"देवा, बाईले सांगा, कुंकू लावत जा," मी म्हटलं.

"कुंकू तं सगळ्याच देवाइले लावते. यानं काय होते? कुठी लावाचं?"

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. त्याही या घरात सून म्हणून आल्या होत्या. त्यांनाही सासूबाईंनी तेच दाखवलं होतं. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या मटकन पाटावर बसल्या आणि हसत सुटल्या. मीही. भासरे बाहेरून विचारत होते, काय झालं, कोणी सांगन का, आणि आम्हा दोघींपैकी कुणीही देवालासुद्धा सांगू शकत नव्हतं.

वितळवायचं बारगळलं. पण हसून झाल्यावर डोळे पुसत जाऊबाईंनी नवीच गोष्ट काढली. "मंग आता इथंच राहू दे त्याले. बादशाचा देव हाय म्हणून सांगता येईन येणाऱ्याइले. लग्नात शोभन."

माझं हसू थांबलं. मुशीतून वाचला आणि अकोल्यात अडकला. आता देवाला काय सांगावं तेही सुचेना.

भासऱ्यांनी देव ताम्हनातून उचलून पुसला. "देवा," ते म्हणाले, "तुमाले कुठी राहाचं हाय? इथं का अंजनगावले?"

आम्ही तिघंही थांबलो. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"देव काई बोलत नाई," भासरे म्हणाले. "म्हणजे जिच्याशी बोलतात तिच्याकडेच राहतीन. लग्नाले पाहुणे म्हणून या म्हणाव."

त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला नाही. दाराच्या आत हात पुढे केला, तळहातावर देव, तोंड दुसरीकडे वळवलेलं. मी पदराच्या टोकात तो घेतला.

परतीची गाडी अकोटमार्गे. पूर्णेचा पूल ओलांडला की उत्तरेला सातपुडा निळ्या रेघेसारखा दिसू लागतो आणि तो दिसला की मला घरी आल्यासारखं वाटतं. डबा रिकामाच होता, बाकीचे तिघं देव लग्नापुरते अकोल्यात राहिले होते आणि तांदूळही मी जाऊबाईंकडे ठेवून आले होते. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं. मी पदराची गाठ किंचित सैल केली, ज्याचं ऊन त्याला दिसावं म्हणून.

दोन दिवसांत मी अमरावती पाहिली, अकोला पाहिलं, प्रकाशाचा अर्धा तास शिकले आणि गिला वडा खाल्ला. लोक प्रवासाला जाऊन येतात आणि काय काय पाहिलं ते सांगतात. मला पाहिल्यापेक्षा बोलल्याचंच जास्त आठवतं आहे. मला वाटायचं, माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही म्हणून मी गप्प असते. तसं नव्हतं. कोणाकडे तोंड करून बोलावं, तेवढंच सापडत नव्हतं.

घरी आल्यावर देवाला नुसत्या पाण्यानं धुतलं. चिंच बंद. तांब्याची चकती परत लावली नाही. आता एक दिवस सूर्य वर असतो, एक दिवस तो मुलगा. ज्या दिवशी मुलगा वर असतो त्या दिवशी कुंकवाचा त्रास नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा चालली असताना फोन वाजला. नवऱ्यानं घेतला, ऐकलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहू लागला.

"दादा हाय. म्हनते, देवाले फोन दे."

मी फोन घेऊन देव्हाऱ्यासमोर धरला. भासऱ्यांचा आवाज आला, "देवा, पोचले काय सुखरूप?"

"पोचले म्हणा, देवा," मी म्हटलं. "अन् बाईले सांगा, लाटणं शोधू नका. घाईत मीच घेऊन आली."